उरलेले महिने कुणाचे?

घर विकणं हा मालकाचा हक्क आहे. तो मला मान्य आहे. मुलाची फी भरायची असेल, घरात आजारपण असेल, भावाभावांत वाटण्या व्हायच्या असतील, किंवा यातलं काहीच नसेल आणि नुसता भाव चांगला आला म्हणून विकत असेल; मालमत्ता त्याची, मर्जी त्याची. माझं भांडण त्याच्या पुढच्या वाक्याशी आहे : ‘पार्टी तयार आहे, महिनाभरात रिकामं करून द्या.’ हे वाक्य मी ऐकलंय. कोथरूडपासून खराडीपर्यंत भाड्यानं राहणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलंय. आणि ते ऐकून आपण मान खाली घालून किराणा दुकानातून रिकामी खोकी गोळा करायला लागतो. मालक म्हणतोय म्हणजे कायदाही तेच म्हणत असणार, असं आपण धरून चालतो.

करार अकरा महिन्यांचा. पाच महिने झाले, सहा उरले. हे सहा महिने कुणाचे? मालकानं ते मला विकलेले आहेत. डिपॉझिट घेतलं, भाडं ठरवलं, अंगठा दिला, सरकारदरबारी नोंद केली. एकदा विकलेली वस्तू दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकली तर तुळशीबागेतला दुकानदारसुद्धा त्याला लबाडी म्हणेल. फ्लॅटच्या बाबतीत मात्र आपण त्याला ‘व्यवहार’ म्हणतो आणि गप्प बसतो.

पुण्यात भाडेकरार कसा होतो ते बघा. एजंटचा पोरगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. जेवणाच्या टेबलावर मांडामांड होते. आधी मालकाचा अंगठा, मग भाडेकरूचा, मग साक्षीदारांचे. भांडी घासून, कणीक मळून बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर यंत्र अंगठा घेत नाही. मग हात धुऊन या, पुसून बघा, दुसरं बोट ठेवा. या खटपटीत पाऊण तास जातो आणि त्या पाऊण तासात ज्यासाठी हे चाललंय तो करार कुणी वाचत नाही. ‘सगळं स्टँडर्ड असतं ताई,’ असं पोरगा सांगतो आणि पुढच्या घरी जायच्या घाईत असतो.

मी तो वाचला. त्यात मी भाडेकरू नाही, लायसन्सी आहे. एक कलम खास बजावतं की लायसन्सीनं कुळाचा कसलाही हक्क सांगायचा नाही. दुसरं कलम मालकाला रास्त पूर्वसूचना देऊन घर बघायला येण्याची मुभा देतं. करार रद्द करण्याचं कलम आहे, ते मात्र शांतपणे वाचण्यासारखं आहे. मी वाचलेल्या करारांत मालकानं महिन्याची नोटीस देऊन करार मोडायचा तो भाडं थकलं किंवा अटी मोडल्या तर. वेळच्या वेळी भाडं भरणाऱ्या माणसाला मालकानं मध्येच उठवावं, असं त्या मूळ साच्यात लिहिलेलं नसतं. ते घुसतं शेवटच्या ‘इतर अटी’च्या रकान्यात, एजंटच्या हातून, एका ओळीत : दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. ओळ बरोबरीची दिसते. मी घर सोडलं तर मालकाचं महिनाभराचं भाडं बुडेल. त्यानं मला काढलं तर मुलीची शाळेची बस, सासूबाईंचा डॉक्टर, नवऱ्याची ऑफिसची वाट, स्वयंपाकाच्या मावशींचं काम, सगळं एका दिवसात उखडतं. ही बरोबरी नव्हे. आणि मालकानं घर विकलं तर काय, याबद्दल साच्यात चकार शब्द नाही.

करार गप्प असला की कायदा बघावा लागतो. खरा घात तिथं आहे. १८८२ साली दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०९ सांगतं की भाडेपट्ट्यानं दिलेली जागा विकली तर खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडेपट्टा चालू राहतो, फक्त भाडं घेणारा हात बदलतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचं कलम ५९ सांगतं की लायसन्स देणाऱ्यानं मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली, तर तो दुसरा त्या लायसन्सला बांधील नाही. घर तेच, कुटुंब तेच, भाडं तेच, कुलपाची किल्लीही तीच. कागद कोणत्या प्रकारचा एवढ्यावरून एकाचं बिऱ्हाड टिकतं आणि दुसऱ्याचं रस्त्यावर येतं.

१९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका हॉटेलच्या खटल्यात सांगून ठेवलंय की कागदाला नाव काय दिलंय यावर जाऊ नका, व्यवहाराचं सार बघा. जागा एकट्याच्या पूर्ण ताब्यात दिली असेल तर ते भाडेपट्ट्याचं लक्षण. शहाणपणाचं बोलणं होतं. आपल्या राज्यानं त्यावर बोळा फिरवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ म्हणतं की लेखी लायसन्स करार हाच त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. म्हणजे दारावर माझ्या नावाची पाटी असो, गॅसचं पुस्तक माझ्या नावावर असो, सगळ्या किल्ल्या माझ्याकडे असोत, मी कायद्याच्या लेखी परवानगीवर आलेली पाहुणी.

हे आभाळातून पडलेलं नाही. मुंबई प्रांतातली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली, १९४७ च्या कायद्यानं ती तशीच पुढे नेली, आणि मालकांनी कुळं ठेवायचं सोडून ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. १९७३ मध्ये सरकारनं त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला राहत असलेल्या लायसन्सधारकांना कुळाचा दर्जा देऊन टाकला. मालक आणखी धास्तावले. गोठवलेली भाडी अन्यायाची आहेत हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ च्या डिसेंबरात स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पेठेतल्या वाड्याच्या मालकाला महिन्याकाठी चहाचे पैसे सुटत नव्हते आणि त्याच्या एखाद्या कुळाचे कोथरूडात दोन फ्लॅट झाले होते. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्यानं जुन्या कुळाला सगळं संरक्षण ठेवलं, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली, आणि नंतर येणाऱ्या लाखो लायसन्सवाल्यांना कलम २४ च्या तोंडी दिलं. एका टोकाची चूक दुरुस्त करताना आमदार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि पाव शतक झालं तरी तिथून हलले नाहीत.

सदाशिव पेठेत वाडा विकला म्हणून कूळ उठत नाही. ताबा मागण्याची कारणं कलम १६ मध्ये एकेक करून दिली आहेत : मालकाची स्वतःची खरी गरज, पोटभाडेकरू ठेवणं, सहा महिने जागा विनाकारण बंद ठेवणं, आणखी काही. ‘मला विकायचंय’ हे त्यात नाही. मालकाच्या गरजेचं कारण असलं तरी कोर्ट दोघांच्या अडचणी तोलून बघतं आणि कुळाचे जास्त हाल होणार असतील तर ताबा देत नाही. म्हणून बिल्डर वाडा कुळांसकट घेतो, आणि मग पावसाळ्याची वाट बघितली जाते. कौलं फुटलेली, माळवदाला ओल, जिन्याचं लाकूड पोखरलेलं. दुरुस्ती करणं हे कलम १४ प्रमाणे मालकाचं काम. त्यानं केली नाही तर कुळानं नोटीस देऊन स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. भाडं महिना १०० रुपये असेल तर चौथा हिस्सा ३०० रुपये. ३०० रुपयांत आज गवंडी जिना चढून वर येत नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, एक दिवस भिंत येते, आणि जे कोर्टात जमलं नाही ते पाऊस करून देतो. इमारत पाडली गेली तरी भाडेहक्क संपत नाही, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. पेठेतल्या प्रत्येक कुळानं हे पाठ करून ठेवावं, आणि वाडा उतरवण्याआधी आपली खोली मोजून, फोटो काढून, महापालिकेच्या माणसाची त्यावर सही घेऊन ठेवावी. मोकळ्या प्लॉटवर उभं राहून आपली खोली दाखवता येत नाही.

पण त्या कुळाकडे निदान भांडायला काहीतरी आहे. लायसन्सवाल्याकडे काय आहे?

आमचा कर्वेनगरातला फ्लॅट विक्रीला निघाला तेव्हा मुलीचं दहावीचं वर्ष होतं. रविवारी सकाळी एजंटचा फोन. ‘ताई, पार्टी खाली आलीय, पाचच मिनिटं.’ खाली आलीय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? नवरा, बायको, त्यांचे आईवडील आणि वास्तू बघणारे एक गृहस्थ, चपला घालून थेट आत. गृहस्थांनी देव्हाऱ्यासमोर होकायंत्र धरलं आणि देव चुकीच्या दिशेला आहेत असं आम्हाला सुनावलं. एकानं न विचारता ओट्याखालचं कपाट उघडलं, डबे बाजूला सारले आणि मागच्या भिंतीला ओल आहे का ते बोटानं चाचपलं. बाईंनी मुलीच्या खोलीचं दार ढकललं. ती भूमितीची प्रश्नपत्रिका सोडवत होती. तिच्या डोक्यावरून हात लांब करून त्यांनी खिडकी उघडून बघितली, आणि ‘इथं आपला बेड बसेल’ म्हणाल्या. मुलगी पेन हातात धरून तशीच बसून राहिली. सासूबाई न्हाणीघरात अडकल्या. घरात परकी माणसं, बाहेर कशा येणार? जाताना जिन्यात एजंट त्या लोकांना म्हणाला, ‘भाडेकरूचं टेन्शन नका घेऊ, निघतील ते.’ आमचं दार उघडंच होतं.

त्या संध्याकाळी मी करार काढला आणि मालकांना लिहून कळवलं : एक दिवस आधी सांगायचं, शनिवारी संध्याकाळी पाच ते सातमध्ये यायचं, मुलीच्या खोलीत जायचं नाही. मालकांचा पारा चढला. ‘माझं घर दाखवायला तुमची परवानगी काढू?’ मी म्हटलं, हो काका, काढायची. करार चालू आहे तोवर या दाराच्या आत कोण येणार हे मी ठरवणार, आणि ‘रास्त पूर्वसूचना’ तुमच्या सहीच्या करारातच आहे. ते मानले. त्याआधी वर्षभर आमचे संबंध चांगले होते, दिवाळीला फराळाचं ताट जात-येत होतं. माणूस वाईट नव्हता. पण घराला गिऱ्हाईक आल्याबरोबर त्या घरात राहणारी माणसं त्याला दिसेनाशी झाली, आणि कायद्यात ती दिसावीत अशी तरतूद नसल्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही. शेवटी आम्ही निघालो. डिपॉझिट परत मिळालं ते नव्या घराचं डिपॉझिट भरून झाल्यावर कितीतरी आठवड्यांनी, रंगकामाचे पैसे कापून. त्या भिंतींना नंतर रंग खरेदीदारानं त्याच्या पसंतीनं दिला.

या व्यवहारात कुणाला काय मिळतं ते मांडून बघू. समजा ८० लाखांचा फ्लॅट आहे. पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सरकारला ५ लाख ६० हजार रुपये, वर ३० हजार नोंदणी फी. खरेदीदार बाई असेल तर शुल्कात एक टक्का सूट. एजंटनं एक टक्का जरी घेतला तरी ८० हजार, आणि बरेचदा तो दोन्हीकडून घेतो. बँकेला पंधरा-वीस वर्षांचं व्याज. मालकाला पैसे, खरेदीदाराला घर. आणि ज्याच्या निघण्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, ज्याच्या ‘रिकाम्या ताब्या’शिवाय साठेखत पुढे सरकत नाही, तो भाडेकरू काय घेऊन जातो? २५ हजार भाडं धरा. नव्या एजंटला एक महिन्याचं भाडं, टेम्पो आणि हमाल, नवा करार, नवी नोंदणी, इंटरनेटवाल्याचे, एसी काढून लावणाऱ्याचे पैसे. ४० हजार सहज जातात, आणि तिकडे दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट एकाच वेळी दोन घरांत अडकतं. ८० लाखांच्या सौद्यात ४० हजार म्हणजे अर्धा टक्का. तेवढेही द्यायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण तसं कुठं लिहिलेलं नाही.

एरवी मात्र भाडेकरूची मोजदाद सगळ्यांना हवी असते. नोंदणी खातं करारातल्या एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क घेतं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज मानून त्यावरही घेतं. पोलिसांना माझा फोटो आणि मूळ गावचा पत्ता हवा. सोसायटी माझ्या राहण्यापोटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वसूल करते. आरटीईतून मुलाला शाळेत घालायचं तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात, कारण घरापासून शाळेचं अंतर मोजायचं असतं. एवढ्या सगळ्यांच्या दप्तरात मी आहे. फक्त घर विकलं जातं त्या कागदांत मी कुठेच नाही.

मालक म्हणतात, भाडेकरूला हक्क दिले की तो ठाण मांडून बसतो. वाड्यांच्या काळात ही भीती खरी होती. आज ती बतावणी आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. मालकाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला की झालं, आणि लायसन्सीला तिथं स्वतःचा बचाव मांडायलाही आधी परवानगी मागावी लागते. मी मुदतीबाहेर एक महिना राहिले तर शिक्षा दुप्पट. मालकानं मला मुदतीच्या सहा महिने आधी उठवलं तर त्याला शिक्षा काय? या कायद्यात शून्य.

शून्य म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही, आणि हेच मला पुण्यातल्या प्रत्येक भाडेकरूला ओरडून सांगायचंय. ज्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं आपला घात केला, त्याच्याच पोटात दोन कलमं आहेत. कलम ६३ : लायसन्स रद्द झालं तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. कलम ६४ : मोबदला देऊन घेतलेलं लायसन्स, तुमचा काही दोष नसताना, ठरलेला उपभोग पुरा होण्याआधी देणाऱ्यानं काढून घेतलं, तर त्याच्याकडून भरपाई मागता येते. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलंय की ज्याचा जागेवर स्थिर ताबा आहे, त्याला राहण्याचा हक्क उरलेला नसला तरी मालकानं कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढायचं नाही. म्हणजे कुलूप बदलणं नाही, सामान जिन्यात काढून ठेवणं नाही, चार माणसं आणून दमात घेणं नाही. तसं कुणी केलं तर विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला कोर्टात जाता येतं. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हेही खोटं आहे. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवणं सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटी काय ठरल्या होत्या याबाबत, उलटं सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकानं नोटरीचा कागद पुढे केला तर त्यानं स्वतःचीच बाजू लंगडी केलेली आहे.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांना ‘महिनाभरात दुसरं बघा’ हे सर्वांत महागात पडतं. माझं आडनाव सांगितल्यावर पुण्यात माझ्यासाठी दारं उघडतात. माझ्या ऑफिसातल्या एका मुसलमान सहकाऱ्यानं फोनवर सगळं ठरवलं, नाव सांगितलं आणि फ्लॅट ‘आत्ताच गेला’. एकटी राहणारी मुलगी असेल तर मित्र येतात का, रात्री किती वाजता परतता. आडनावावरून जात कळली नाही तर ‘तुमच्याकडे मांसमच्छी चालतं का’ असं विचारून ती काढली जाते. शिक्षणासाठी लातूर-नांदेडहून आलेल्या पोरांना सोसायटीच्या ठरावाचा कागद दाखवतात. ज्या शहरानं स्वतःला विद्येचं माहेरघर म्हणवून घेतलं, त्या शहरात या माणसांना घर मिळवायला माझ्यापेक्षा तिप्पट वणवण करावी लागते, आणि नोटीस मात्र त्यांनाही तेवढीच, एक महिना. विक्रीच्या नावाखाली त्यांना उठवणं हा नुसता व्यवहारातला अन्याय नाही. ज्या भेदभावातून ते मोठ्या मुश्किलीनं बाहेर पडले, त्यात त्यांना पुन्हा ढकलणं आहे.

बाहेरच्या देशांत मालक घरं विकत नाहीत का? जर्मनीत नागरी संहितेचं कलम ५६६ आहे : भाडेकरू राहायला आल्यावर घर विकलं गेलं तर खरेदीदार करारातल्या सगळ्या हक्क-जबाबदाऱ्यांसकट मालकाच्या जागी येतो. डिपॉझिट परत द्यायची जबाबदारीही त्याच्यावर येते, आणि त्याच्याकडून वसूल झालं नाही तर जुना मालक सुटत नाही. इंग्लंडनं ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात विक्रीसाठी घर रिकामं मागता येतं, पण पहिल्या बारा महिन्यांत नाही, त्यानंतरही चार महिन्यांची नोटीस देऊन, आणि विक्रीचं निमित्त करून भाडेकरू काढला तर वर्षभर ते घर पुन्हा भाड्यानं देता येत नाही. ही शेवटची अट आपल्याकडे हवीच हवी. ‘विकायचंय’ म्हणून काढायचं आणि महिन्याभरात पाच हजार जास्त भाड्यानं दुसरा ठेवायचा, हे पुण्यात काय कमी चालतं? केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर नको, आणि घरात यायचं तर २४ तास आधी कळवा, एवढ्या साध्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही. तो कायदा सगळाच चांगला आहे असं मी म्हणत नाही, पेठेतल्या आणि गिरगावातल्या जुन्या कुळांना त्याची भीती वाटते ती उगाच नाही. पण मग स्वतःचा करा. कुणी हात धरलेत?

विधानसभेनं कलम २४ मध्ये एवढंच घालावं : मुदतीच्या आत घर विकलं तर खरेदीदार उरलेल्या मुदतीला बांधील राहील, मालक-खरेदीदारांना ती आधी संपवायची असेल तर भाडेकरूची लेखी संमती आणि निदान दोन महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई लागेल, आणि डिपॉझिट भाडेकरूच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय खरेदीखत नोंदवलं जाणार नाही. आज त्या कलमाच्या स्पष्टीकरणात मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी येणाऱ्याचा उल्लेख आहे, विकत घेणाऱ्याचा नाही. मालक मरेल हे कायदा करणाऱ्यांना सुचलं, तो घर विकेल हे सुचलं नाही.

विधानसभेला वेळ लागेल. नोंदणी महानिरीक्षकांना लागायचं कारण नाही. त्यांचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, ऑनलाइन कराराचा साचा त्यांच्याच खात्याचा आहे, आणि त्यात विक्रीबद्दल एक कलम वाढवायला कुठलाही कायदा आड येत नाही. पुण्यातल्या आमदारांनी, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, आधी हे करून दाखवावं. भाड्यानं राहणारेही मतं देतात.

आणि तोवर तुम्ही आम्ही. पुढच्या वेळी अंगठा देण्याआधी ‘इतर अटी’च्या रकान्यात हे लिहून घ्या : मुदतीत घर विकल्यास खरेदीदारावर हा करार बंधनकारक राहील आणि तशी अट मालक साठेखतात घालेल, तसं न झाल्यास मालक भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस, दोन महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई आणि ताबा देण्याच्या दिवशी पूर्ण डिपॉझिट देईल, गिऱ्हाइकाला घर दाखवायचं तर एक दिवस आधी लेखी कळवेल. हे कलम खरेदीदाराला थेट बांधेलच असं नाही, पण मालकाला बांधतं, आणि भरपाई मागायला तेवढं पुरतं. एजंट म्हणेल, ‘असं कुणी घालत नाही ताई.’ त्याला घालायला लावा. मालक नाहीच म्हणाला, तर त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला डिपॉझिट देण्याआधी कळेल.